रिकामी टाकी

दारात जुनी गाडी असली की एक दिवस कधी ना कधी येतो. गाडी बंद पडते, गॅरेजवाला मान हलवतो आणि आल्यागेल्याचा सल्ला ठरलेला असतो, "भंगारात द्या आणि मोकळे व्हा." आमच्याकडे वर्षभर हेच चालले होते. शेवटी यंदा, २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत, आम्हाला गाडीची पेट्रोलची टाकी घरच्या अंगणात उतरवावी लागली. त्या चार-पाच दिवसांत जे पाहिले आणि शिकलो ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख. लेखणी एकाच्या हातात असली तरी काम सगळ्या घराचे होते. म्हणून 'मी' न लिहिता 'आम्ही' लिहितो.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. एक उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसरी विज्ञान. घरात अम्मी आहेत, थोरला मुलगा यंदा दहावीला होता आणि धाकटी सातवीत. राहतो चिपळूणजवळ. गाडी १९९७ सालची मारुती ८००. अब्बा उर्दू शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, त्या वर्षी त्यांनी फंडाच्या पैशातून ती घेतली. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा मोजून तीन गाड्या होत्या. कुणाची बाळंतीण दवाखान्यात न्यायची असो की कुणाचा पाहुणा विमानतळावर सोडायचा असो, लोक रात्री-बेरात्री अब्बांचेच दार वाजवत. अब्बा गेले, गाडी राहिली. नोंदणीची पंधरा वर्षे २०१२ साली संपली. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत आलो. आताची मुदत २०२७ पर्यंत आहे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा ही गाडी बाजारपेठेजवळ एका नातेवाइकांच्या आवारात उभी होती. पाणी काचांपर्यंत चढले. पूर ओसरल्यावर इंजिन उघडले, तेल बदलले, सीटा उन्हात वाळवल्या, टाकी रिकामी करून धुऊन घेतली. गाडी पुन्हा चालू झाली, अलहम्दुलिल्लाह. पण पत्र्याच्या सांध्यांत एकदा शिरलेला ओलावा सहजी निघत नाही. त्यात कोकणची हवा. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. जी गाडी रोज धावते तिला त्याचा एवढा जाच नाही. जी आठवड्यातून एकदा बाहेर पडते तिच्या टाकीत मात्र ते पाणी तळाशी बसून राहते आणि पत्रा आतून खात जाते.

गेल्या वर्षापासून परशुराम घाटाच्या चढावर गाडी गचके देऊन थांबू लागली. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालू. कारण साधे होते. टाकीतले पेट्रोल नळीतून फिल्टरमध्ये, तिथून पंपाने कार्बोरेटरमध्ये येते. कार्बोरेटरमधली भोके सुईच्या टोकाएवढी. टाकीतला गंज पेट्रोलबरोबर ओढला गेला की वाट बुजते. गाडी थांबली की गंज खाली बसतो आणि वाट तेवढ्यापुरती मोकळी होते. फिल्टर तीनदा बदलले. दर वेळी आतून विटेच्या भुकटीसारखी लाल पूड निघाली.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी शेडमध्ये पेट्रोलचा वास आला. गाडीखाली तळहाताएवढा ओला डाग होता. टाकीचा खालचा सांधा पाझरत होता. ओळखीच्या गॅरेजला फोन केला. ते म्हणाले, गळकी गाडी ओढत आणू नका, आणि पावसाळ्याआधी आमच्याकडे दहा दिवस हात रिकामा नाही. टाकी काढून ठेवलीत तर पुढचे बघू. तेव्हा आम्ही मुलांच्या मामूंना बोलावले.

मामू म्हणजे घरातल्या विज्ञानाच्या बाईंचे थोरले भाऊ. सातवी शिकलेले. बावीस वर्षे आखातात गॅरेजमध्ये काम केले. आता गुडघे गेल्यामुळे खाली वाकता येत नाही. ते रिक्षाने आले, गाडीपासून चार हात लांब उभे राहिले आणि आधी गाडीकडे नाही, घराकडे पाहू लागले. न्हाणीघरामागे आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. "आधी ती विझवा. निखाऱ्यावर पाणी ओता, राख ओली करा." मग विचारले, "विहिरीच्या पंपाचा स्विच कुठे आहे?" तो शेडच्याच खांबावर होता. "त्याला आज कुणी हात लावायचा नाही."

आम्हाला वाटले, मामू जरा जास्तच घाबरतात. पण त्यांनी जे सांगितले ते नीट समजून घेण्यासारखे होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. स्वयंपाकाच्या गॅससारखीच ती जमिनीलगत सरपटते, गटारात, खड्ड्यात, विहिरीच्या काठावरून आत उतरते आणि तिथे साचून राहते. वास कमी झाला म्हणजे वाफ गेली असे नाही. ती जिथे पोचली तिथे चूल असेल, स्विचची ठिणगी असेल, डासांची कॉइल असेल, तर आग तिथे लागते आणि वाफेच्याच वाटेने उलटी टाकीपर्यंत येते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेईल एवढी वाफ सोडते. मग कोकणातल्या मे महिन्याची गोष्टच नको.

गाडी सुरू न करता आम्ही चौघांनी ती ढकलत अंगणाच्या मोकळ्या टोकाला नेली, घरापासून, चुलीपासून आणि विहिरीपासून लांब. पाझराखाली पत्र्याचे तसराळे ठेवले. बॅटरीची आधी उणे तार काढली, मग अधिक, आणि बॅटरी उचलून घरात नेली. मामूंनी थोरल्याला वीस फोटो काढायला लावले: कुठली नळी कुठे जाते, कुठली क्लिप कुठल्या बाजूला आहे. "आत्ताच काढ. टाकीला हात लावला की मोबाईल घरात."

पेट्रोल काढायची वेळ आली तेव्हा थोरला प्लॅस्टिकची नळी घेऊन आला. आपल्याकडे स्कूटरवाली मुले करतात तसे तोंडाने ओढायच्या बेतात होता. मामूंनी नळी त्याच्या हातातून काढून घेतली. पेट्रोल पोटात गेले तर वाईटच. पण ठसका लागून चार थेंब फुप्फुसात उतरले तर त्याहून वाईट. फुप्फुसाला सूज येऊन जिवावर बेतते. असे कुणाच्या बाबतीत झालेच तर उलटी करवू नये, सरळ दवाखान्यात न्यावे. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी हा प्रकार मोठ्या माणसांना करताना पाहिला असेल. म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

बाजारातून हातपंप आणला. दुसऱ्या दिवशी फजरची नमाज होऊन उजाडल्यावर, ऊन चढायच्या आत, साडेपाच-सहा लिटर पेट्रोल काढून घेतले. कॅन जमिनीवर ठेवूनच भरला, हातात धरून किंवा सीटवर ठेवून नाही, कारण घर्षणाने तयार होणारी विजेची बारीक ठिणगीही पुरते. अंगात सगळ्यांनी सुती कपडे घातले. जवळ रेतीच्या दोन बादल्या आणि पावडरचे आग विझवायचे यंत्र ठेवले होते. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर आग पसरते. धाकटीला फाटकावर उभे केले होते. तिचे काम एकच: विडी-सिगारेटवाला कुणी आत येता कामा नये. तिने ते इतक्या कडकपणे केले की दूधवाल्यालाही परत पाठवले.

पंपातून हवा येऊ लागली, तसा आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. थोरला म्हणाला, "चला, रिकामी झाली. आता भीती नाही."

मामू खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "आता खरी भीती आहे."

मग त्यांनी भाच्यालाच विचारले, "भरलेली टाकी जास्त धोक्याची की रिकामी?" तो म्हणाला भरलेली. मामूंनी बहिणीकडे पाहिले. "बाय, तू शिकवतेस ना विज्ञान? सांग त्याला." आणि ते अंगणातच समजले. पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि वाफसुद्धा एकटी जळत नाही, तिला हवा लागते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली तरच ती पेट घेते. त्याहून कमी असेल तर जळायला पुरेसे इंधन नाही. त्याहून जास्त असेल तर पुरेशी हवा नाही. भरलेल्या टाकीत वर थोडीशी जागा असते आणि ती दाट वाफेने कोंदलेली असते. टाकी उपसली की हवा आत शिरते. कोपऱ्यात, सांध्यात, गंजाच्या पापुद्र्याखाली उरलेले पेट्रोल वाफ सोडत राहते, आणि वाफ-हवेचे प्रमाण नेमके त्या धोक्याच्या पट्ट्यात येऊन बसते. या टाकीत २८ लिटर मावतात. म्हणजे २८ लिटरचा बंद पत्र्याचा डबा, आत पेटायला तयार असलेले मिश्रण. त्याचा स्फोट होतो.

आम्ही वीस वर्षे वर्गात 'रिकामे' हा शब्द शिकवतो. त्याला विरुद्धार्थी शब्द विचारतो. उर्दूत खाली, मराठीत रिकामे. त्या सकाळी कळले की मिस्त्रीच्या कामात या शब्दावर भरवसा ठेवायचा नसतो.

संध्याकाळी शेजारचा तरुण आला. वेल्डिंगचा त्याचा धंदा आहे. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांच्या खिडक्यांच्या जाळ्या त्याने केल्या. हात सफाईदार, स्वभाव मदतीचा. म्हणाला, "सर, टाकी खाली घेतली की मला हाक मारा. पाण्याने धुऊन दोन टाके मारतो, पाच मिनिटांचं काम. पैसे नकोत." आम्ही मामूंकडे पाहिले. मामू म्हणाले, "नाही बेटा. या टाकीला आग लावायची नाही." तो म्हणाला, त्याने ड्रम जोडलेत, काही होत नाही. मामूंनी पुन्हा तेवढेच सांगितले. तो चहा अर्धा ठेवून उठून गेला. अम्मींना फार वाईट वाटले. पुराच्या वेळी ह्याच मुलाने आपल्या शिडीवरून शेजारच्या दोन घरांतली माणसे माडीवर चढवली होती. अशा माणसाला तोंडावर नाही म्हणणे आम्हालाही जड गेले. रात्री अम्मी म्हणाल्या, "गोड शब्दांत सांगायचं होतं." मामू म्हणाले, "आपा, गोड शब्दांत सांगितलं असतं तर तो उद्या मशीन घेऊन आला असता."

बोल्टांवर गंज सोडवायचे तेल मारून दोन दिवस ठेवले. पटकन सुटावेत म्हणून ते तापवणे किंवा ग्राइंडरने कापणे हा विचारही करायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मुख्य काम झाले. आदल्या रात्रीच अम्मींनी गॅसचा कॉक बंद केला. सकाळचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवला होता. पुढच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावले. पण गाडी वर धरायला चिरा कुणी वापरू नये. जांभा दिसायला दणकट असतो आणि वजनाखाली एकाएकी फुटतो, विटेचेही तेच. जॅकने गाडी उचलली आणि लोखंडी स्टँडवर टेकवली, मग बाजूने हलवून पाहिली, आणि मगच थोरला आणि त्याचे वडील खाली गेले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मामूंनी हातसुद्धा घालू दिला नाही.

बाकीचे काम ऐकायला सोपे आहे आणि करायला वेळखाऊ. टाकीचे झाकण उघडून आतला दाब जाऊ दिला आणि पुन्हा लावले. भरायच्या तोंडाकडची जाड रबरी नळी अठ्ठावीस वर्षांत दगडासारखी झाली होती. ओढली तर पत्र्याचे तोंड वाकले असते. मामूंनी ती दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे पिळायला सांगितली. पंधरा मिनिटांनी ती सुटली. बारीक नळ्यांवर कागदी पट्ट्या चिकटवून एक, दोन, तीन असे आकडे लिहिले. प्रत्येक सुटलेल्या नळीच्या तोंडात बूच घातले. काट्याची तार सोडवली. मग टाकीखाली फळी आणि फळीखाली दुसरा जॅक ठेवून तिला आधार दिला, आणि त्यानंतर बोल्ट एका बाजूचा एक, समोरचा एक असे सोडवले. तीन निघाले, चौथा निघेना. थोरल्याने जोर लावायला घेतला, तसे मामू म्हणाले, "थांब. तेल मार. पाणी पिऊन ये." तो बाहेर आला, पाणी प्याला, दहा मिनिटे बसला. परत गेला तेव्हा बोल्ट सुटला. टाकी वीतभर खाली घेतल्यावर वरच्या बाजूची शेवटची नळी हाताला लागली; तीही सोडवून टाकी खाली आली. साडेनऊ वाजले होते.

या तीन तासांत आम्ही दोघे शिक्षक टाकीइतकेच मामूंकडे पाहत होतो. बी.एड.ला आम्ही पाठ टाचण लिहिले, प्रश्नांचे प्रकार पाठ केले. मामूंनी त्यातले काही वाचलेले नाही. पण मुलाला पाना देण्याआधी ते विचारत, "हा सुटला की टाकीचं वजन कुठे जाईल?" तो चुकला तर उत्तर देत नव्हते, दुसरा प्रश्न विचारत. तो बरोबर बोलला तर 'शाब्बास' म्हणत नव्हते. पुढचा पाना देत. आणि आमचा मुलगा, ज्याला पुस्तक उघडायला दहा वेळा सांगावे लागते, तो तीन तास उताणा पडून प्रत्येक प्रश्नाचा विचार करून उत्तर देत होता. आखातातल्या गॅरेजमध्ये मामूंचे उस्ताद एक मल्याळी गृहस्थ होते. ते त्यांना असेच शिकवत, असे मामू सांगतात.

टाकी सावलीत ठेवून आत बॅटरीच्या उजेडात पाहिले. बॅटरी लांबच पेटवून आणली होती, तोंडाशी आणून स्विच दाबला नाही. तळाला लाल-काळा चिखल होता. एका बाजूचा सांधा हाताने दाबल्यावर पत्रा पापडासारखा आवाज करत होता. काढलेल्या पेट्रोलमधले थोडे काचेच्या बाटलीत घेऊन ठेवले होते. वर पिवळसर पेट्रोल, खाली दोन बोटे पाणी, त्याखाली गंजाचा थर. बाटली धाकटीने लांबून पाहिली. ते पेट्रोल आम्ही गटारात किंवा परसात ओतले नाही. आमच्या विहिरीचे पाणी चार घरे पितात. कॅन बंद करून गॅरेजवाल्यांकडे पोचवला. त्यांचे खराब तेल जिथे जाते तिथे तेही जाईल.

मामूंनी टाकी साबणाच्या पाण्याने दोनदा खळखळून धुऊन घेतली, पाणी एका पिंपात धरले. संध्याकाळी टाकीच्या तोंडाशी काहीच वास नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास ती उन्हात ठेवली आणि शेजारच्या त्या तरुणाला बोलावणे पाठवले. तो आला. मामू म्हणाले, "काल दोनदा धुतली आहे. जरा लांबून वास घे." पेट्रोलचा वास येत होता. मामूंनी गंजाचा एक पापुद्रा काडीने उचलून दाखवला. "पेट्रोल ह्याच्या मागे बसतं. पाणी तिथे जात नाही. ऊन लागलं तर एवढं बाहेर आलं; तुझी वेल्डिंग लागली तर किती येईल?" मोठ्या कारखान्यांत अशी टाकी जोडायची झाली तर आधी तासन्‌तास वाफ देऊन धुतात, आतली हवा मीटरने तपासतात, पाणी किंवा न पेटणारा वायू भरतात, आणि तरीही हे काम सगळ्यांना देत नाहीत. तो बराच वेळ उकिडवा बसून टाकीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मामू, माझ्याकडे महिन्याला दोन-तीन ड्रम येतात. तेलाचे, थिनरचे." मामू म्हणाले, "तेच सांगायचं होतं." त्या दिवशी चहा त्याने पूर्ण घेतला.

टाकी जोडायची नाही हे ठरल्यावर नवी शोधली. मुंबईच्या नातेवाइकांनी कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात या मॉडेलसाठी बनवलेली कोरी टाकी मिळवून पाठवली. रबरी नळ्या आणि क्लिपा सगळ्या नव्या घेतल्या, इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणाऱ्या. कार्बोरेटर गॅरेजमध्ये नेऊन साफ करून आणला. बसवताना काढण्याचा क्रम उलटा, आणि मुलाचे वीस फोटो उपयोगी पडले. आधी फक्त चार लिटर पेट्रोल घालून रात्रभर ठेवले, खाली पांढरा कागद पसरून. सकाळी कागद कोरडा होता. त्यानंतरच बॅटरी जोडली.

या सगळ्यात एक विषय आमच्या घरात बोलला न जाता फिरत होता. थोरल्याला दहावीनंतर आयटीआयला मोटार मेकॅनिकला जायचे होते. त्याने हे डिसेंबरातच सांगितले होते. आम्ही दोघांनी ऐकून घेतले होते आणि अकरावी सायन्सच्या क्लासची चौकशी चालू ठेवली होती. शिक्षकाचा मुलगा, हेडमास्तरांचा नातू, लोक काय म्हणतील हे आम्ही मोठ्याने बोललो नाही, पण ते मनात होते. आपल्या समाजात गॅरेजमध्ये राबणारी मुले कमी नाहीत, आणि आपण आपल्या मुलांना तिकडे बोट दाखवून सांगतो, "अभ्यास केला नाहीस तर असा होशील." हे वाक्य आमच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू येते.

निकाल लागला. ६४ टक्के. सायन्सला कुठेतरी प्रवेश मिळाला असता. त्या रात्री जेवण झाल्यावर अम्मींनीच विषय काढला. "सातवी शिकलेल्या माणसाने माझ्या घराला आग लागू दिली नाही. बावीस वर्षांत त्याच्या हाताखाली कुणाचं बोट तुटलं नाही. हे न शिकता येतं का?" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या वर्गात घनता, ज्वलन आणि बाष्पीभवन तीन वेगळ्या धड्यांत येतात, त्या दिवशी अंगणात ते एकाच टाकीत आले, आणि मुलाला कळले. आम्ही मुलाला एवढेच विचारले की दोन वर्षांचा कोर्स, त्यात थिअरी आहे, चित्रकला आहे, हिशेब आहे. तिथेही पुस्तक उघडावे लागेल, उघडशील का? तो म्हणाला, "मामूंनी विचारलं तसं कुणी विचारलं तर उघडीन." या उत्तराने आमचे पूर्ण समाधान झाले असे नाही. पण अर्ज आम्ही तिघांनी मिळून भरला. पुढे डिप्लोमाची वाट आहे, हेही त्याला दाखवून ठेवले आहे.

पाऊस यंदा मे महिन्यातच उतरला. त्याच्या आदल्या आठवड्यात भंगारवाला हातगाडी घेऊन आला. जुनी टाकी अंगणाच्या कोपऱ्यात पडली होती. पत्र्याचे भंगार पुढे गॅस कटरने कापले जाते, हे मामूंनी आधीच बजावले होते. म्हणून टाकी पाण्याने काठोकाठ भरून ठेवली होती आणि आमच्या वाट्याला आलेले काम आम्ही करून ठेवले होते. पांढऱ्या ऑइलपेंटने, चारही बाजूंना, मराठीत, हिंदीत आणि उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहिले: पेट्रोलची टाकी, आग लावू नका. मामूंनी चौथ्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे अक्षर पुसट होते. ते पुन्हा गिरवले. भंगारवाल्याला तोंडीही समजावले: पाणी ओतले की टाकी पुन्हा धोक्याची, छिन्नी-कटर नको, सावकाश दाबून चपटी करणाऱ्याकडेच द्या. त्याने भाव दोन रुपयांनी पाडून मागितला. आम्ही टाकी तशीच दिली.

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे. शेडमध्ये पेट्रोलचा वास आला तर आधी चूल, गॅस, कॉइल आणि स्विच पाहा, गाडी नंतर. नळी तोंडाला लावू नका. मोकळे अंगण आणि जाणता माणूस यांपैकी एकही नसेल तर हे काम घरी करू नका. गॅरेजवाल्यालाच घरी बोलवा आणि तो येईपर्यंत गाडीपासून लांब राहा. आणि कोणी मदतीच्या भावनेने रिकामी टाकी, रिकामा ड्रम, रिकामा डबा जोडून देतो म्हणाला, तर तो कितीही जवळचा असो, त्याला नाही म्हणा. तो रागावला तर रागावू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहाला बोलवता येते.